निवळशंख पाणी आणि टॉमची गोष्ट



लंडनमध्ये थेम्सकाठी बर्माँडसी नावाची वस्ती आहे. १८४९ साली शहरात पटकीची साथ होती, तेव्हा चार्ल्स किंग्जली हा तिशीतला पाद्री ती वस्ती पाहायला गेला. ज्या चरात घरांचे संडास सुटत होते, त्याच चराचं पाणी लोक पीत होते. ते दृश्य त्याच्या मनातून गेलं नाही. पुढं त्यानं आरोग्यावर व्याख्यानं दिली, लेख लिहिले, आणि १८६३ साली मुलांसाठी एक कादंबरी प्रसिद्ध केली : ‘वॉटर बेबीज’, म्हणजे पाण्यातली बाळं.

टॉम हा धुराडी झाडणारा पोर. चोरीचा आळ येतो, म्हणून तो पळत सुटतो. अंगात ताप, समोर गार ओढा. तो अंग धुवायला उतरतो आणि बुडतो. गोष्टीत मात्र त्याला कल्ले फुटतात, आणि मासेकिड्यांशी बोलत तो थेट समुद्रापर्यंत जातो. वाचणारं मूल त्याच्याबरोबर नदी आतून पाहतं. जिथं माणसं गटारं समुद्रात सोडतात, तिथं ही बाळं फिरकत नाहीत. ती घाण शेतात घालावी, असं लेखक बजावतो. आपण त्यालाच सोनखत म्हणतो. अर्थात, ते नीट कुजवल्यावरच.

गुरुजींनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. पण दोन गोष्टी पदरच्या घालाव्यात.

पहिली : खरा टॉम ओढ्यातच संपला असता. अनोळखी पाण्यात एकट्यानं उतरू नये, हे मुलांना स्पष्ट सांगावं.

दुसरी : पुस्तकातलं वाईट पाणी बघताच कळतं. खरं पाणी तसं सांगून येत नाही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी दिसायला चांगलं होतं. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई चवीसाठी ते मुद्दाम मागवी. त्याच पाण्यानं ती पटकी होऊन मेली. त्या साथीत सहाशेंहून अधिक माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांच्या घरांची चौकशी करून पंपाकडं बोट दाखवलं, तेव्हा त्याचा दांडा काढण्यात आला.

म्हणून गोष्ट संपली, की मुलांना ओढ्याकाठी न्यावं. पाणी निवळशंख दिसत असलं, तरी एकच प्रश्न विचारावा : वरच्या अंगाला काय आहे?