एका गाण्याची गोष्ट

यंत्र आले की कारागिराचे काम जाते, हे गाऱ्हाणे केवळ गिरणीतले नाही. १९७९ साली इंग्लंडातील ‘बगल्स’ या जोडीने, चित्रफितीने रेडिओवरील गायकाला संपविले, अशी खंत एका गाण्यात मांडली. ट्रेव्हर हॉर्न व जेफ डाउन्स या जोडीला एवढे मोठे यश पुन्हा लाभले नाही. मौज अशी, की १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत ‘एमटीव्ही’ सुरू झाली, तेव्हा तिने पहिली चित्रफीत दाखविली ती याच गाण्याची!

ही चाल १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ या हिंदी चित्रपटात आली. संगीत बप्पी लाहिरींचे, आवाज उषा उथुप यांचा. मूळची खंत मात्र गळाली व नाच तेवढा उरला. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते.

पुढे भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यांत संघटना बांधताना ही चाल आमच्या कानी वरातीच्या बँडवर पडे. तोवर चित्रपटांचे मोठे वाद्यवृंदही मोडू लागले होते. एक माणूस सिंथेसायझरवर वीस व्हायोलिनांचा नाद काढू लागला. वादकांना ध्वनिमुद्रणागणिक मेहनताना मिळे, तोही आटला.

आम्ही यंत्राचे वैरी नव्हे. त्या जोडीनेही आपली खंत यंत्रावरच वाजविली होती. परंतु वीस जणांची वाचलेली मजुरी कोणाच्या पदरात पडते? हा प्रश्न यंत्र विचारीत नाही. तो संघटनेनेच विचारावयाचा असतो.