मेजावरील लाखेची तुकतुकी

जुन्या सागवानी मेजाचें वय लाकडावरून फारसें कळत नाहीं. तें त्यावरील तुकतुकीवरून कळतें. एके ठिकाणीं गरम कपबशीचें पांढरें वर्तुळ उमटलेलें असतें, कडेला कोपरें घासून लाकूड उघडें पडलेलें असतें, आणि मधला भाग मळकट व निस्तेज झालेला असतो. श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं असें मेज असेल. अशा वेळीं सुतार बहुधा एकच उपाय सुचवितो : सारें खरवडून टाकावें व नवें रोगण चढवावें. हा उपाय सोपा दिसतो खरा. पण पुष्कळदां तो अनावश्यक असतो, आणि त्यांत जें जातें तें पुन्हां मिळत नाहीं. असें कां, हें त्या तुकतुकीच्या इतिहासांतच शोधावें लागतें.

हा इतिहास पळस, बोर व कुसुंब या झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर सुरू होतो. तेथें एक अतिसूक्ष्म किडा झाडाचा रस शोषून आपल्या अंगाभोंवतीं राळेचें कवच रचतो, तीच लाख. आपल्याकडे तिची ओळख किती जुनी आहे हें महाभारतांतील लाक्षागृहाच्या कथेवरून दिसतेंच. लिन्शोटेन नांवाचा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळांत गोव्यांत आर्चबिशपच्या चाकरींत होता. १५९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें येथील कातारी लोकांची रीत नमूद केली आहे : लाकूड लेथवर फिरत असतां त्यावर लाख दाबून धरावयाची, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळून लाकडावर बसते. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांवरील चकाकी याच कुळांतली.

पण मेज सपाट असतें. तें लेथवर फिरवितां येत नाहीं. सपाट लाकडावर चढविण्यास लाख पातळ करावी लागते, आणि ती पाण्यांत विरघळत नाहीं, मद्यार्कांत विरघळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समधील कारागिरांनीं हें तंत्र पूर्णत्वास नेलें; १८१५ नंतर थोड्याच वर्षांत तें इंग्लंडांत पसरलें व तेथें त्याला ‘फ्रेंच पॉलिश’ हें नांव पडलें. कापसाचा बोळा मऊ कापडांत गुंडाळून, त्यावर जवसाच्या तेलाचा थेंब टाकून, गोल गोल हात फिरवीत एकावर एक अनेक अतिपातळ थर देणें, हें त्याचें सार. घाईच्या माणसाचें तें काम नव्हे.

लाख मात्र हिंदुस्थानांतून जाई. ईस्ट इंडिया कंपनीला आरंभीं लाखेच्या तांबड्या रंगाचीच अधिक गोडी होती. १८५६ सालीं पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञानें कृत्रिम रंग शोधिला. पुढें तसले रंग स्वस्त झाले आणि लाखेच्या रंगाचा व्यापार बुडाला. उरली ती राळ. मिर्झापुरासारख्या ठिकाणीं लाख कापडाच्या लांब पिशवींत भरून निखाऱ्यांसमोर पिळीत, आणि वितळलेली राळ कारागीर हातांपायांनीं व दांतांनीं धरून चादरीसारखी ताणीत. विलायती मेजाची चकाकी वाखाणतांना या माणसांची आठवण कोणी काढीत नसे. त्या चादरीचे तुकडे म्हणजेच चपडा. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही चपड्याच्याच. १९४२ सालीं युद्धामुळें अमेरिकेनें तबकड्यांसाठीं त्याच्या वापरावर कडक बंधन घातलें होतें.

इंग्लंडांत या नव्या चकाकीचा मोह इतका वाढला कीं, मेणानें वा तेलानें घोटलेलीं जुनीं मेजें खरवडून त्यांवर फ्रेंच पॉलिश चढविण्यांत आलें. शंभर वर्षांच्या हाताळणीनें आलेला रंग एका दिवसांत गेला. विसाव्या शतकांत, १९२० नंतर, नायट्रोसेल्युलोजचीं रोगणें आलीं, व दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलियुरेथेन. पॉलियुरेथेन पाण्याला व उष्णतेला लाखेहून पुष्कळ टिकतें. पण एकदां वाळलें कीं तें पुन्हां विरघळत नाहीं, म्हणून त्यावरील ओरखडा बुजविणें कठीण. लाख नाजूक आहे. गरम कप व सांडलेलें पाणी तिला सोसत नाहीं. परंतु तिचा नवा थर जुन्याला किंचित् विरघळवून त्याच्याशीं एकजीव होतो. जुन्या मेजाला खरवडण्याची गरज बहुधा पडत नाहीं ती यामुळेंच.

म्हणून प्रथम मेजाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यांत मिथिलेटेड स्पिरिटाचा एक थेंब टाकून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर तें लाखेचें काम. पांढरें वर्तुळ म्हणजे थरांत शिरलेला ओलावा. स्पिरिटानें जेमतेम दमट केलेली चिंधी त्यावरून न थांबतां झरझर फिरविली तर तें बहुधा नाहींसें होतें. थांबलेला हात मात्र पॉलिशच उचलतो. घासलेल्या कडेवरील मळ व मेण आधीं पुसावें, मग ताज्या, पातळ चपड्याचे दोनतीन हात द्यावे. वर्षभर बाटलींत पडलेलें द्रावण नीट वाळत नाहीं. शेवटीं बारीक कांचकागदानें हलकेच घासून मेण लावावें. हें सर्व उघड्या खिडकीशीं, दिवा व चूल यांपासून दूर करावें, कारण स्पिरिट झटकन् पेट घेतें.