तारेचे खांब आणि माळव्याची बाजारपेठ

संदेशवहनाचे जाळे विस्तारले की देशाची भरभराट होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते खोटे नाही. परंतु ही भरभराट कोणाच्या वाट्यास येते आणि कोणाच्या हातचे काम जाते, हेही पाहावयास हवे. माळव्यातील तारायंत्राचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

तारेपूर्वी इंदूर-उज्जैनचा व्यापार कासिदांच्या पायांवर चाले. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई. तिचा भाव कलकत्त्यातील अफूच्या लिलावांवर पुष्कळसा अवलंबून असल्यामुळे तेथील वार्ता लवकर कळावी म्हणून सावकार खासगी डाक बाळगीत. बातमी आधी मिळणे हेच भांडवल होते, आणि ती आणणाऱ्या कासिदांच्या घरची चूल त्यावरच पेटे.

१८५४ मध्ये कलकत्ता व आग्रा ही शहरे तारेने जोडली गेली. आग्र्याहून ग्वाल्हेर-इंदूरमार्गे मुंबईस जाणारी तारही लवकरच पुरी झाली व १८५५ मध्ये ही सेवा जनतेस खुली झाली. जेथे कासिदास कित्येक दिवस लागत, तेथे तासांत काम होऊ लागले. १८७० मध्ये समुद्राखालील तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली.

भाव त्वरित कळू लागल्याने सट्टा मात्र थांबला नाही. उलट दूरच्या बाजारांतील चढउतारांवर पैसे लावणे सुकर झाले. इंदूरच्या सर हुकुमचंद यांनी अफू व कापसाच्या सट्ट्यात अमाप संपत्ती मिळविली, तीतून गिरण्या उभारल्या आणि हजारो हातांना काम दिले. दुसरीकडे, मुंबईत येणाऱ्या न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आकडे लावण्याचा नाद फैलावला आणि गिरणी कामगारांची कष्टाची मजुरी त्यात जाऊ लागली. एकाच तारेची ही दोन फळे होत.

कासिदांची जागा तारबाबूंनी घेतली; पण कासीद स्वतः तारबाबू होऊ शकला नाही, कारण त्या नोकरीस इंग्रजी लागे. नवी नोकरीही निर्धास्त नव्हती. १९०८ मध्ये तारबाबूंना संप करावा लागला. सामान्य घरी तार आली की ती वाचण्यासाठी इंग्रजी जाणणाऱ्याचे दार ठोठवावे लागे. देवनागरीत तार पाठविण्याची सोय १९४९ मध्ये झाली. अखेर जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली आणि तारबाबूही कासिदांच्या वाटेने गेले.

तारेने अंतर कमी केले. परंतु वार्ता विकत घेऊ शकणारा व न घेऊ शकणारा यांतील अंतर तिला कमी करता आले नाही. ते काम वर्तमानपत्रांनी आणि ती सर्वांसाठी मांडून ठेवणाऱ्या वाचनालयांनी केले. सावकार ज्या वार्तेसाठी रुपये मोजी, ती वाचनकक्षातील एकाच अंकावरून शिक्षक, कारकून, दुकानदार वाचीत आणि निरक्षर शेजाऱ्यास सांगत. संदेशाचे जाळे कोणतेही असो, त्याचा लाभ आपोआप सर्वांपर्यंत पोचत नाही. तशी व्यवस्था समाजासच उभारावी लागते. ग्रंथालय ही त्या व्यवस्थेची जुनी व खात्रीची पायरी होय.