पहिल्या पिढीतील पोकेमॉनचे बदलते स्थान

पहिल्या पिढीतील पोकेमॉन म्हणजे गेम फ्रीक या जपानी कंपनीने निर्माण केलेल्या आणि निन्टेन्डोने २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये प्रकाशित केलेल्या 'पोकेमॉन रेड' व 'पोकेमॉन ग्रीन' या गेम बॉयवरील खेळांत प्रथम आलेले १५१ जीव होत. मालिकेच्या पुढील सर्व पिढ्यांत यांपैकी अनेक जीव पुनःपुन्हा आले आहेत. कथेत त्यांचे वय वाढत नाही आणि १०० ही पातळी गाठल्यावर त्यांची वाढही थांबते. तथापि लढाईतील त्यांचे महत्त्व प्रत्येक पिढीत बदलत गेले आहे. या बदलाचे कारण बहुधा त्या जीवात नसून त्याच्या भोवतीच्या नियमांत असते.

नियमांतील प्रमुख बदल

पहिल्या पिढीत 'स्पेशल' हा एकच गुणांक विशेष हल्ला आणि विशेष संरक्षण या दोहोंसाठी वापरला जाई. 'गोल्ड' व 'सिल्व्हर' (१९९९) या खेळांत त्याचे दोन भाग करण्यात आले, तसेच डार्क व स्टील हे दोन नवे प्रकार आले. 'रुबी' व 'सफायर' (२००२) यांनी प्रत्येक पोकेमॉनला अंगभूत क्षमता दिली. 'डायमंड' व 'पर्ल' (२००६) यांमध्ये एखादी चाल शारीरिक की विशेष हे तिच्या प्रकारावरून न ठरता प्रत्येक चालीसाठी स्वतंत्रपणे ठरू लागले. 'एक्स' व 'वाय' (२०१३) या खेळांत फेअरी हा प्रकार आणि मेगा उत्क्रांती यांची भर पडली.

टॉरोस

नियम बदलल्याने एखाद्या जीवाची सद्दी कशी संपते, याचे टॉरोस हे सर्वांत ठळक उदाहरण होय. पहिल्या पिढीच्या स्पर्धात्मक खेळात या बैलाला जवळजवळ प्रत्येक संघात स्थान असे. त्या पिढीत निर्णायक घाव बसण्याची शक्यता पोकेमॉनच्या मूळ वेगावर अवलंबून होती. टॉरोसचा वेग ११० असल्याने त्याच्या साधारण पाच घावांपैकी एक निर्णायक ठरे. 'हायपर बीम' या चालीनंतर एक फेरी विश्रांती घ्यावी लागते. परंतु प्रतिस्पर्धी त्याच घावाने बाद झाला, तर ही अट लागू होत नसे. बर्फ प्रकारातील 'ब्लिझार्ड' ही चाल ९० टक्के वेळा अचूक लागे आणि टॉरोसला ती शिकता येत असे.

१९९९ मध्ये हे सर्व आधार एकाच वेळी निघून गेले. निर्णायक घावाचा वेगाशी असलेला संबंध तुटला, हायपर बीमनंतरची विश्रांती सक्तीची झाली आणि ब्लिझार्डची अचूकता ७० टक्क्यांवर आली. स्पेशलचे विभाजन होताना टॉरोसच्या वाट्याला विशेष हल्ल्याचे केवळ ४० गुण आले. नव्या स्टील प्रकारावर तर त्याचे नॉर्मल प्रकारातील हल्ले निम्मेच परिणाम करीत. त्याचा हल्ल्याचा गुणांक (१००) आणि वेग (११०) मात्र तेव्हाही तेच राहिले. पुढे 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट' (२०२२) यांत टॉरोसच्या तीन पाल्डियन जाती आल्या. तिन्ही फायटिंग प्रकारातील असून त्यांपैकी एक अग्नीचा, तर दुसरी पाण्याचा प्रकारही बाळगते.

उशिरा आलेले चांगले दिवस

काही जीवांच्या बाबतीत याउलट घडले. गेंगारचा विशेष हल्ला १३०, तर शारीरिक हल्ला केवळ ६५ आहे. २००६ पर्यंत घोस्ट आणि पॉइझन या त्याच्या दोन्ही प्रकारांतील चाली शारीरिक मानल्या जात. त्यामुळे स्वतःच्याच प्रकारातील चाली त्याच्या कामी येत नसत. चौथ्या पिढीत 'शॅडो बॉल' विशेष चाल ठरली आणि दहा वर्षे जुनी ही विसंगती दूर झाली. सातव्या पिढीत (२०१६) मात्र त्याची 'लेव्हिटेट' ही क्षमता काढून घेण्यात आल्याने जमिनीच्या प्रकारातील हल्ले त्याला पुन्हा लागू लागले.

चान्सीची कहाणी अधिक विलक्षण आहे. दुसऱ्या पिढीत तिला ब्लिसी ही उत्क्रांत अवस्था मिळाली आणि चान्सी जवळ ठेवण्याचे कारणच उरले नाही. पुढे 'ब्लॅक' व 'व्हाइट' (२०१०) यांत, ज्यांची उत्क्रांती अजून शिल्लक आहे अशा पोकेमॉनची दोन्ही संरक्षणे दीडपट करणारी 'इव्हायोलाइट' ही वस्तू आली. तेव्हापासून, ही वस्तू जवळ असल्यास, मार सोसण्यात चान्सी ब्लिसीला मागे टाकते.

निर्मात्यांची डागडुजी

सहाव्या पिढीत काही जुन्या जीवांचे गुणांक थेट वाढविण्यात आले: बटरफ्रीचा विशेष हल्ला ८० वरून ९०, पिजिऑटचा वेग ९१ वरून १०१, तर पिकाचूचे संरक्षण ३० वरून ४० झाले. दहा गुणांच्या अशा वाढीने बटरफ्रीसारख्या दुर्बळ जीवाच्या स्थितीत फारसा फरक पडला नाही. चौथ्या पिढीपासून 'स्टेल्थ रॉक' या चालीमुळे लढाईत उतरताच निम्मे बळ गमावणाऱ्या चारिझार्डला त्याच पिढीत दोन मेगा रूपे मिळाली. बीड्रिलला 'ओमेगा रुबी' व 'अल्फा सफायर' (२०१४) यांत मेगा रूप देण्यात आले. पण 'सोर्ड' व 'शील्ड' (२०१९) या खेळांत मेगा उत्क्रांती उरली नाही आणि बीड्रिललाही त्यांत स्थान मिळाले नाही.

एका खेळातून दुसऱ्या खेळात

खेळाडूने स्वतः वाढविलेला जीव पुढील खेळात नेता येतो. मात्र पहिल्या दोन पिढ्यांच्या मूळ कार्ट्रिजमधील जीव तिसऱ्या पिढीत नेण्याची सोय कधीच नव्हती. याउलट २००२ च्या 'रुबी'मध्ये पकडलेला पोकेमॉन चौथ्या व पाचव्या पिढीतील खेळ, 'पोकेमॉन बँक' आणि २०२० मध्ये सुरू झालेली 'पोकेमॉन होम' ही सेवा अशा टप्प्यांनी आजच्या खेळांपर्यंत पोहोचू शकतो, परंतु त्या खेळात त्याच्या जातीला स्थान असेल तरच. तिसऱ्या पिढीतून पुढे नेलेला जीव मात्र मूळ कार्ट्रिजमध्ये परत आणता येत नाही.