मोहाचे पोते आणि सायकल : तिरोडा भागातील एका व्यापाराचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्याच्या पश्चिमेला वैनगंगेचे खोरे आणि धानाच्या बांध्या आहेत, तर दक्षिणेकडे मंगेझरी व चोरखमाऱ्याच्या पुढे जमीन हळूहळू चढत जाऊन गायखुरीच्या डोंगररांगेत आणि नागझिऱ्याच्या जंगलात मिसळते. द्राक्षाचा वेल या मातीत कधी रुजला नाही. मात्र ज्या फुलाच्या साखरेपासून मद्य होते, त्या मोहाची झाडे येथे डोंगरउतारांवर, पांदणींच्या कडेला आणि थेट धानाच्या बांधांवरही पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. जर्मनीतील पॅलाटिनेट प्रांतात १९३५ साली आणि फ्रान्समधील अल्सास प्रांतात १९५३ साली द्राक्षमळ्यांमधून जाणारे ‘मद्यमार्ग’ आखले गेले, पुढे त्यांवरून सायकलने हिंडणे हा युरोपातील प्रवासाचा एक प्रतिष्ठित प्रकार झाला, आणि अलीकडे नाशिकजवळच्या टेकड्यांमध्येही ती हौस रुजली. तिरोड्याच्या डोंगरवाटांवरही मद्याच्या कच्च्या मालाशी सायकलीचे नाते जुने आहे. फरक इतकाच, की येथे सायकलस्वार पाहुणा नसून माल वाहणारा असतो, आणि त्याच्या सायकलीवरील पोत्याकडे कायदा दीर्घकाळ संशयानेच पाहत आला. या संशयाचा उगम तिरोड्यात नाही. तो दुसऱ्याच मुलखात जन्मलेल्या एका कायद्यातून येथे आला, आणि म्हणूनच या व्यापाराचा इतिहास बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

मोह हे चिकूच्या कुळातील झाड. मार्च-एप्रिलमध्ये, पाने गळून फांद्या उघड्या पडल्या की टोकांना झुबके येतात आणि रात्री उमललेल्या फुलांच्या मांसल, फिकट पिवळसर पाकळ्या पहाटे जमिनीवर गळून पडतात. हे फूल तोडावे लागत नाही, वेचावे लागते, आणि सूर्य वर येण्याआधी वेचले नाही तर गाय, हरिण, अस्वल यांपैकी कोणीतरी ते संपवते. म्हणून हंगामात घरातील बायका व मुले अंधार असतानाच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. त्याआधी झाडाच्या बुडाखालची जागा झाडून, कधी पालापाचोळा जाळून स्वच्छ केलेली असते, आणि उन्हाळ्यातील वणव्यांचे हेही एक कारण ठरते. वेचलेले फूल अंगणात वाळवले की ते तांबूस-तपकिरी, मनुक्यासारखे सुरकुतलेले दिसते. वाळलेल्या फुलाच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो, आणि मोहाचे सारे अर्थकारण या एका गोष्टीवर उभे आहे. मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल हा त्याच झाडाचा दुसरा लाभ. शेतासाठी रान तोडताना मोहावर कुऱ्हाड न चालवण्याची जुनी रीत याच दुहेरी उपयोगातून आली.

फूल म्हणजे केवळ दारू, ही समजूत बाहेरची आहे. भाजून, शिजवून किंवा पिठात मिसळून मोह खाल्ला जाई, गुरांना घातला जाई, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत मध्य प्रांतातील असंख्य कुटुंबांना त्याने तारले. गोंड समाजात जन्म, लग्न, मृत्यू आणि देवपूजा या प्रत्येक प्रसंगी मोहाच्या मद्याला स्थान होते. दारू गाळण्याचा परंपरागत व्यवसाय कलार समाजाचा असल्याची नोंद रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींविषयीच्या ग्रंथात सविस्तर आढळते. कृती तशी साधी आहे: वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली की ‘सडवा’ तयार होतो; तो मडक्यात घालून चुलीवर चढवतात, वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरते आणि तेथे तिचे थेंब जमतात. प्रथम येणारे मद्य सर्वांत तीव्र असते, आणि ‘पहिल्या धारेची’ हा मराठीत रूढ झालेला शब्दप्रयोग याच भट्टीपासून आला आहे.

ब्रिटिश अमलात तिरोडा हे भंडारा जिल्ह्यातील एका तहसिलीचे नाव होते आणि आजचे गोंदिया शहर त्याच तहसिलीत मोडत असे. या काळात मध्य प्रांताच्या सरकारला फुलापेक्षा भट्टीत अधिक रस होता. ठरावीक गावी भट्टी चालवण्याचा हक्क लिलावाने देण्याची ‘आउटस्टिल’ पद्धत प्रांतात प्रचलित होती. तीत कर दारूच्या प्रमाणावर नव्हे, तर भट्टीच्या हक्कावर बसत असे. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीनंतर सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांकडे कल वाढला आणि गावातली लहान भट्टी क्रमाक्रमाने बेकायदा ठरत गेली. १९३८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा झाला, पण तो प्रथम निवडक भागांतच लागू झाला.

मुंबई इलाख्याची वाट अगदी वेगळी होती. तेथील सरकारने १८९२ साली खास मोहासाठी कायदा केला, त्याचा रोख ठाणे व कुलाबा जिल्ह्यांवर होता, आणि चोरटी दारू थांबवायची तर फुलावरच नियंत्रण हवे, हे त्यामागचे सूत्र होते. दारू गाळण्याऐवजी फूल बाळगणे हाच नियमनाचा विषय झाला, आणि हे सूत्र पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही कायम राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, १९५९ साली हा कायदा विदर्भालाही लागू झाला, आणि कोकणाच्या अनुभवावर बेतलेली फुलाची बंधने वैनगंगेच्या काठी येऊन पोचली. येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता: ज्या फुलाच्या आधारावर आजोबांनी दुष्काळ काढला, त्याच फुलाचे पोते बाजारात नेताना नातवाला आता परवान्याचा विचार करावा लागे.

नेमक्या याच वर्षांत सायकल खेड्यापर्यंत पोचत होती. त्याआधी जंगलातला माल कावडीने, डोक्यावरून किंवा बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून येई, आणि १८८० च्या दशकात आलेल्या लोहमार्गामुळे तिरोड्याचे स्टेशन त्या मालाला मोठ्या बाजारपेठांशी जोडणारे ठिकाण बनले होते. मद्रासमधील टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) यांच्यामुळे देशी सायकल सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. दांडीची काळी, जड सायकल बंडी न जाणाऱ्या पायवाटेवरून जाते, तिला चारा लागत नाही आणि नाल्यात उतरताना ती खांद्यावरही घेता येते. चाळीस-पन्नास किलोचे पोते कॅरिअरवर आडवे टाकून जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी आवळले जाते, कारण सुतळी घसरते पण रबर ताणून धरते. दुसरे लहान गाठोडे दांडीवर येते, आणि मग चढावर कोणी पेडल मारत नाही, एक हात हँडलवर व दुसरा पोत्यावर ठेवून सायकल ढकलत न्यावी लागते. उतारावर ब्रेकवर भरवसा ठेवता येत नसल्याने चालणारा मागे झुकून वजन तोलतो. तेंदूपत्ता, डिंक, चारोळी आणि मोह हे सारे अशाच रीतीने आठवडी बाजारात येत राहिले. या श्रमाला कोणी प्रवास म्हटले नाही, तरी डोंगर, फूल आणि चाक यांची इतकी जवळीक युरोपातील कोणत्याही मद्यमार्गावर सापडणार नाही.

दरम्यान महाराष्ट्रात द्राक्षाचे भाग्य पालटले. १९८० च्या दशकात नारायणगाव परिसरात आणि १९९० च्या दशकाअखेरीस नाशिकजवळ वाइन उद्योग उभा राहिला, २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून करसवलती दिल्या, आणि वाइन हा शेतीचा पूरक व्यवसाय मानला गेला. मोहाच्या फुलावरची बंधने त्यानंतरही वीस वर्षे टिकली. वनहक्क कायद्याने २००६ साली मोहासारख्या गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून इतर वनोत्पादनावर, वनवासी व परंपरागत रहिवाशांचा मालकी हक्क मान्य केला होता, पण दारूबंदी कायद्याची भाषा जुनीच राहिली. एका कायद्याने दिलेला हक्क दुसरा कायदा अडवून धरत होता. अखेर २०२१ साली राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे व वाहून नेणे यांवरील निर्बंध उठवले. गाळण्यासाठी मात्र परवाना लागतोच. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले यांपासून बनवलेल्या मद्याला ‘देशी’ ऐवजी ‘विदेशी मद्य’ या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. अबकारी परिभाषेत हा वर्ग मद्याच्या मूळ देशाशी नव्हे, तर त्याच्या प्रतवारीशी व कराशी संबंधित असतो. तरीही गायखुरीच्या उतारावर पहाटे गळणाऱ्या फुलाला प्रतिष्ठा मिळताना ‘विदेशी’ हे नाव घ्यावे लागले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे. मंगेझरीकडून तिरोड्याकडे येणाऱ्या रस्त्यावर एप्रिलच्या सकाळी आजही पोती लादलेल्या सायकली दिसतात; आता त्यांच्या जोडीला मोटारसायकली आहेत, पण पोते बांधायला ट्यूबची तीच रबरी पट्टी वापरली जाते.