दूरचित्रवाणीने आखलेला नकाशा

'बिग टेन' म्हणजे दहा थोरांचा गट, असे नाव मिरविणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांच्या गटात आज अठरा विद्यापीठे आहेत. 'अटलांटिक किनारा' हे नाव लावणाऱ्या दुसऱ्या गटात २०२४ सालापासून स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही दोन विद्यापीठे खेळतात, आणि ती आहेत पॅसिफिक महासागराच्या काठी! भूगोलाची ही गंमत कोणा विद्वानाच्या चुकीतून झालेली नाही. तिच्यामागे दूरचित्रवाणीचा पडदा आहे. आणि त्या पडद्याच्या इतिहासात प्रारंभापासून आपल्या कॅथलिक संस्था व काही व्रतस्थ धर्मगुरूही गुंतलेले आहेत, म्हणून ही हकीगत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ आपला नव्हे. चेंडू लंबगोल असतो, तो हातात घेऊन धावतात, आणि अंगाला अंग भिडवून प्रतिपक्षाला पाडतात. महाविद्यालयांचे सामने बहुधा शनिवारी होतात. शेजारपाजारची महाविद्यालये एकत्र येऊन जो गट करतात त्याला 'कॉन्फरन्स' म्हणावयाचे. मुलांनी आगगाडीने जावे, खेळावे आणि सोमवारच्या वर्गाला परत यावे, एवढ्या अंतराचा मूळ हिशेब.

इंडियाना राज्यातील साऊथ बेंड येथे होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरीन यांनी १८४२ साली पवित्र मरियेच्या नावाने विद्यापीठ स्थापन केले. नाव फ्रेंच, 'नोत्र दाम'. अमेरिकन लोक त्याचा उच्चार 'नोटर डेम' असा करतात. (याच संघाने ढाक्यात त्याच नावाचे महाविद्यालय चालविले आहे.) विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत इंडियानात कॅथलिकांविषयी उघड द्वेष होता. १९२४ च्या मे महिन्यात कू क्लक्स क्लॅनचे लोक साऊथ बेंडमध्ये जमले आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांशी त्यांची रस्त्यावर झटापट झाली. त्याच वर्षी नूट रॉक्नी या प्रशिक्षकाच्या हाताखालील नोटर डेमचा संघ एकही सामना हरला नाही. आयरिश, इटालियन, पोलिश मजूर कुटुंबांनी त्या विद्यापीठाची पायरीसुद्धा चढलेली नव्हती, तरी संघ मात्र त्यांचा झाला. न्यूयॉर्कला सामना असला की भुयारी रेल्वेने येऊन ही मंडळी मैदान भरून टाकीत. एका गावाचा नव्हे, तर देशभर विखुरलेल्या एका श्रद्धावंत समाजाचा प्रेक्षकवर्ग नोटर डेमला असा आपोआप मिळाला. दूरचित्रवाणी आल्यावर त्याची किंमत कळली.

१९५१ साली महाविद्यालयीन खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए हिने प्रक्षेपणावर निर्बंध घातले. घरबसल्या सामना दिसला तर तिकीट कोण काढणार, ही तिची भीती. कोणता सामना दाखवावयाचा, कोणत्या संघाला किती वेळा, हे संस्था ठरवू लागली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने विरोध केला. नोटर डेमचाही विरोध होता. पण दोघांनाही नमते घ्यावे लागले. पुढे कार्यकारी उपाध्यक्ष म्हणून फादर एडमंड जॉइस यांनी पस्तीस वर्षे हा लढा धीमेपणे चालू ठेवला. १९६६ साली नोटर डेम आणि मिशिगन स्टेट यांचा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. निर्बंधांमुळे तो सर्व देशाला दिसण्याची सोय नव्हती. पण लोकांनी एवढा गलबला केला की दाखविण्याची काही ना काही व्यवस्था करावीच लागली.

निर्बंधांना एक चांगली बाजूही होती, हे आम्ही सांगितले पाहिजे. १९८१ साली ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया यांचा सामना सुमारे दोनशे केंद्रांवरून दाखविला गेला; त्याच वेळी सिटाडेल आणि अ‍ॅपलॅचियन स्टेट या लहान महाविद्यालयांचा सामना चार केंद्रांवरून. चारही संघांना सारखीच रक्कम मिळाली. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजुरांप्रमाणे मोठ्यांनी कुरकूर केली. पण येथे मळ्याचा धनी उदार नव्हता, तो मक्तेदार होता. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया यांनी दावा लावला, आणि २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची योजना बेकायदा ठरविली. भिन्न मत नोंदविणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट तरुणपणी स्वतः नामांकित फुटबॉलपटू होते. या खेळाला निव्वळ व्यापाराचे माप लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

निकालानंतर पडद्यावर सामन्यांचा सुकाळ झाला आणि प्रत्येक सामन्याचा भाव उतरला. एकट्याने बाजारात उभे राहणे कठीण, म्हणून विद्यापीठे गटागटाने करार करू लागली. त्यांतील मोठा गट उभारण्यात फादर जॉइस यांचा पुढाकार होता. ते निवृत्त झाल्यावर, १९९० च्या फेब्रुवारीत, नोटर डेमनेच तो गट सोडला आणि एनबीसी या कंपनीशी १९९१ पासून पाच वर्षांचा स्वतंत्र करार केला. रक्कम ३ कोटी ८० लाख डॉलर असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. सोबत्यांना हा विश्वासघात वाटला. या पैशांतून खेळाडू नसलेल्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, हे खरे. तथापि सोबत्यांचा राग अगदीच अनाठायी होता, असेही आम्हाला म्हणवत नाही. योगायोग असा की, विद्यापीठाचे निवृत्त अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग हे त्याच सुमारास महाविद्यालयीन खेळांतील पैशाला आवर घालण्यासाठी नेमलेल्या नाइट आयोगाचे सहअध्यक्ष होते. आयोगाचा अहवाल आणि एनबीसीवरील पहिला हंगाम दोन्ही १९९१ चे!

आता प्रत्येक जण प्रेक्षक मोजू लागला. पेन स्टेट बिग टेनमध्ये गेले. आग्नेयेकडील कॉन्फरन्सने आणखी दोन विद्यापीठे घेऊन बाराची संख्या गाठली आणि १९९२ साली विजेतेपदाचा स्वतंत्र सामना सुरू केला. टेक्सासकडील जुनी साऊथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ साली बंद पडली. २००७ साली बिग टेनने स्वतःची वाहिनी काढली, तेव्हा मोजण्याची रीतच बदलली. केबलवर वाहिनी आली की सामना पाहो वा न पाहो, घरागणिक दरमहा शुल्क मिळते. आणि राज्यात आपले एखादे विद्यापीठ असले की दर वाढतो. २०१४ साली मेरीलँड आणि रटगर्स यांना प्रवेश मिळाला तो मुख्यतः वॉशिंग्टन व न्यूयॉर्क शहरांभोवतीच्या घरांसाठी. ज्या आजीबाईने फुटबॉल कधी पाहिला नाही, तिच्या केबलच्या बिलातूनही हे विस्तार उभे राहिले.

'बिग ईस्ट' या कॉन्फरन्सची गोष्ट आम्हाला अधिक जवळची वाटते. प्रॉव्हिडन्स या डोमिनिकन महाविद्यालयाचे प्रशिक्षक डेव्ह गॅव्हिट यांनी १९७९ साली ती स्थापिली, मुख्यतः बास्केटबॉलसाठी. येशूसंघीयांचे जॉर्जटाउन व बॉस्टन कॉलेज, व्हिन्सेन्शियन संघाचे सेंट जॉन्स, न्यूअर्क धर्मप्रांताचे सीटन हॉल. पुढच्या वर्षी ऑगस्टिनियनांचे व्हिलानोव्हा. १९८५ साली राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत तिचे तीन होते, तिन्ही कॅथलिक. आणि व्हिलानोव्हाने जॉर्जटाउनला ६६-६४ असे हरविले. पण १९९१ पासून तेथेही फुटबॉल आला आणि पैशाचा काटा तिकडे झुकला. २००५ साली बॉस्टन कॉलेज अटलांटिक गटात निघून गेले. गेलेल्यांच्या जागा भरण्यासाठी पार आयडाहोतील बॉइझी स्टेटला आमंत्रण दिले गेले. तेव्हा डिसेंबर २०१२ मध्ये सात कॅथलिक महाविद्यालयांनी एकमताने वेगळे होण्याचे जाहीर केले. मोठ्या पातळीवरचा फुटबॉल त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हता. जाताना त्यांनी बिग ईस्ट हे नाव राखले. ते काही विरक्त होऊन निघाले नव्हते. फॉक्स कंपनीचा करार त्यांनाही मिळाला. परंतु त्यांनी आपल्या आकाराचे सोबती निवडले. व्हिलानोव्हाने पुढे २०१६ आणि २०१८ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

पश्चिमेकडे असे कोणी थांबले नाही. लोक केबल तोडू लागले, घरांची मोजणी निरुपयोगी झाली आणि शनिवारी प्रत्यक्ष सामना पाहणाऱ्यांचा आकडा पुन्हा महत्त्वाचा ठरला. २०२२ साली लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. पुढल्या वर्षी ओरेगन आणि वॉशिंग्टन त्यांच्या मागे गेली. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया यांना अटलांटिक गटात घ्यावे म्हणून नोटर डेमने रदबदली केली. ते स्वतः २०१३ पासून इतर बहुतेक खेळांपुरते त्या गटात आहे, फुटबॉल मात्र एरवी स्वतंत्रच. एनबीसीशी त्याचा करार २०२९ पर्यंत वाढविलेला आहे. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा विमानाने जातो. पण त्याच करारामुळे व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनाही खंड ओलांडावा लागतो, आणि त्यांचे सामने पुष्कळदा शाळेच्या दिवशी असतात.

पॅसिफिक किनाऱ्यावरील ती कॉन्फरन्स १९१५ सालापासूनची परंपरा सांगत होती. तिच्या बारांपैकी दहा विद्यापीठे २०२४ साली गेली. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, लहान गावांतील ही दोन विद्यापीठे मागे राहिली, आणि २०२४ व २०२५ च्या फुटबॉल हंगामांत त्या कॉन्फरन्समध्ये तेवढीच दोन नावे होती.