शून्याव्या घाताचा एक

घातांकाचे नियम आधी पाठ करावेत, अर्थ मागाहून कळतो, असे मानणारे शिक्षक आणि पालक पुष्कळ आहेत. त्यांचा हुकमी दाखला शून्याव्या घाताचा. ३ चा शून्यावा घात १, हा गणितज्ञांनी सोयीसाठी केलेला संकेत आहे. त्याचे चित्र कुठून काढणार, असे ते विचारतात.

मला हे मान्य नाही. ‘घात म्हणजे संख्येने स्वतःला तितक्या वेळा गुणणे’ एवढीच व्याख्या हाती असेल तर शून्य वेळा गुणणे खरोखरच कळत नाही. ३ च्या पाचव्या घाताला त्यानेच भागून १ काढून दाखवता येतो, पण त्यातून नियम जुळतात एवढेच समजते. तो १ कशाचा, हे मुलाला दिसत नाही.

समभुज त्रिकोण घ्या. बाजूंचे मध्यबिंदू जोडा, मधला उलटा त्रिकोण काढून टाका. उरले ३. प्रत्येकावर तीच कृती केली की ९, मग २७. पोलिश गणिती सिअरपिन्स्की यांनी १९१५ मध्ये ही आकृती मांडली. इथे घातांक म्हणजे कृती किती वेळा झाली ती संख्या. एकदाही न कापलेला त्रिकोण एकच असतो. तोच हा १. दोन पायऱ्यांवर आणखी तीन केल्या की पाच होतात, म्हणून घातांकांची बेरीज. बाजू दर पायरीला निम्मी होते. तीन पायऱ्यांनंतर ती १/८, म्हणजे २ चा उणे तिसरा घात.

याहून भक्कम पुरावा आपल्याच परंपरेत आहे. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात टीका लिहिताना हलायुधाने मेरुप्रस्तार समजावला: ओळीच्या दोन्ही टोकांना १, मधल्या घरात वरच्या दोन घरांची बेरीज. त्यातली विषम संख्यांची घरे रंगवा. तोच त्रिकोण उमटतो. २ ओळींत ३ घरे रंगतात, ४ ओळींत ९, ८ ओळींतल्या ३६ पैकी २७. ओळी २ च्या घातांनी वाढतात, रंगलेली घरे ३ च्या. आता उलटे या. २ चा शून्यावा घात म्हणजे एक ओळ. तीत घर एक, तेही रंगलेले. हा १ मोजून मिळाला.

एका आकृतीवरून सर्व संख्यांचा नियम कसा सिद्ध होईल, ही शंका रास्त आहे. सिद्धता लागतेच. पण पाया बदलला की आकृतीही बदलता येते: चौरसाचे नऊ समान चौरस करून मधला काढत गेलात की पाया ८.

शिनोली परिसरातून वाहणाऱ्या घोड नदीचा नकाशाही वर्गात आणावा, मात्र नंतर. लहान ओढ्यांपासून मुख्य नदीपर्यंत चढत्या क्रमाने श्रेणी लावली की वरच्या प्रत्येक श्रेणीत प्रवाहांची संख्या साधारण ठरावीक पटीने घटते, बहुधा तीन ते पाच पटींनी, हे जलशास्त्रज्ञ हॉर्टन यांनी १९४५ मध्ये मांडले. नदी घाताचा नियम ढोबळपणे पाळते, त्रिकोण काटेकोरपणे. म्हणून आरंभ त्रिकोणापासून.

शिनोली-घोडेगाव-डिंभे पट्ट्यातल्या गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: नियम फळ्यावर लिहिण्याआधी आठ ओळींचा मेरू मुलांना रंगवू द्या आणि शून्यावा घात किती, हे त्यांनाच विचारा.